गेटच्या आतला आवाज

सकाळचे पावणेसात. पहिल्या पाळीच्या बसगाड्या चाकणहून म्हाळुंग्याकडे ओळीने निघालेल्या. एका कारखान्याच्या ट्रेनिंग हॉलमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले होते. पुढे तीसेक पोरं, त्यांचा कामावरचा पहिला दिवस. नव्या सेफ्टी शूजचा रबरी वास, प्रत्येकाच्या मांडीवर हेल्मेट, पडद्यावर सुरक्षेची फिल्म. फिल्ममधला आवाज भारदस्त होता, उच्चार स्वच्छ होते. तो सांगत होता, ‘यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी सर्व सुरक्षाविषयक उपाययोजनांची पूर्तता झाली असल्याची खातरजमा करावी.’

शेजारचा मुलगा हिंगोलीकडचा. तो वाकून हळूच म्हणाला, “ताई, कार्यान्वित म्हंजे काय ओ?”

“चालू करणं.”

“मग चालू कर म्हणायचं की.”

मी त्या दिवशी तिथे काम मागायला गेले होते. आवाजाचा नमुना पेन ड्राइव्हवर होता, व्हिजिटिंग कार्डं पर्समध्ये होती. त्यातलं काहीच बाहेर काढलं नाही. फिल्म संपल्यावर सेफ्टी ऑफिसरना एवढंच म्हटलं, “साहेब, फिल्म चांगली आहे, पण मागच्या बाकापर्यंत पोचत नाहीये. मजकूर मला द्या, मी पोचवून दाखवते.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “पाच मिनिटांचा तुकडा करून आणा, मॅडम. पोरांना ऐकवू. मग बोलू.”

‘कार्यान्वित’च्या त्या एका वाक्याशी मी घरी दोन दिवस झटले. शेवटी त्याची चार वाक्यं झाली: ‘मशीन चालू करायच्या आधी थांबा. मशीनचा गार्ड बसलाय का, बघा. हात, बाही, रुमाल आत जात नाही ना, बघा. मगच बटण दाबा.’ ‘थांबा’नंतर पूर्ण एक सेकंद शांतता ठेवली. थांबा म्हणणारा आवाजच थांबला नाही, तर ऐकणारा कशाला थांबेल? माझ्या कागदावर आधी नुसतं ‘गार्ड’ होतं. साहेबांनी पेनाने त्याचं ‘मशीनचा गार्ड’ केलं. गार्ड म्हणजे गेटवरचा वॉचमन, असं समजणारी मुलं त्यांनी पाहिली होती.

ते काम मला मिळालं. आवाजाच्या धंद्यात येऊ पाहणारी भोसरी-चिंचवडची मुलं-मुली मला नेहमी विचारतात, “ताई, नवीन क्लायंट शोधायचे कुठे?” त्यांना मी ही गोष्ट सांगते. आपल्याकडे आवाजाचं काम कानाने शोधावं लागतं. जिथे सांगितलेलं कुणाला कळत नाहीये, तिथे आपला क्लायंट बसलेला असतो.

दादरची गाडी

क्लायंट कुठे शोधायचे, हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीला वेगळ्या रूपात पडला. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर. तेव्हापासून आवाज हा विकता येणारा माल झाला, पण त्याची पेठ मुंबईतच राहिली. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या ‘पुन्हा प्रपंच’ या रेडिओवरच्या श्रुतिकांमधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी महाराष्ट्राने कधी डोळ्यांनी पाहिले नाहीत, तरी ती घरातलीच माणसं होती. दूरदर्शनचे प्रदीप भिडे बातम्या वाचत, आणि जाहिराती, माहितीपट, मोठमोठे समारंभ यांनाही त्यांचा आवाज असे. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा चेहऱ्याइतकीच त्यांच्या आवाजाची आठवण निघाली.

या मंडळींकडे पाहून चिंचवडचा होतकरू कलाकार मुंबईची सिंहगड एक्स्प्रेस धरायचा. बॅगेत सीडी, खिशात स्टुडिओंचे पत्ते. दिवसभर दादर, अंधेरी, खार अशी पायपीट, आणि रात्री उशिरा परत. मीही दोन वर्षं ही पायपीट केली. त्यातून डबिंगचे बारीकसारीक तुकडे मिळाले, माइकसमोर उभं राहायची शिस्त लागली, ओठांच्या हालचालीत वाक्य बसवायला शिकले. ती शिदोरी आजही पुरते आहे. पण त्या गाडीच्या खिडकीतून रोज मागे पडत होती ती आकुर्डीची, पिंपरीची, कासारवाडीची कारखान्यांची रांग. तिथे आवाजाची गरज असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

गरज जन्मली कुठे

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ मध्ये. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि १९६६ मध्ये टेल्को आली. वस्ती वाढत गेली आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. बजाजने १९९९ मध्ये चाकणला कारखाना काढला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये आल्या, पाठोपाठ महिंद्रा. प्रत्येक मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग करणारी शेकडो छोटी युनिट्स: भोसरीत, कुरुळीत, निघोज्यात, खराबवाडीत.

या सगळ्यांत काम करायला माणसं आली ती सातारा-सांगलीहून, मग लातूर-बीड-परभणीहून, मग बुलढाणा-यवतमाळहून, आणि आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. एका लाइनवर चार बोली आणि तीन भाषा. १९४८ च्या कारखाना कायद्याने सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितलं होतं. फलक लावले गेलेही. पण बारा तास जागून गावाहून आलेल्या पोराला फलक वाचायला वेळ नसतो. त्याला ऐकू येतं ते मात्र आत जाऊ शकतं.

ते आत गेलं नाही तर काय होतं, हे ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे ‘क्रश्ड’ अहवाल २०१९ पासून सांगत आले आहेत. वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटं आणि हात गमावलेल्या कामगारांच्या त्या नोंदी आहेत, आणि त्यात पॉवर प्रेसचं नाव पुन्हा पुन्हा येतं. मी प्रेस शॉपसाठी रेकॉर्डिंग करते, तेव्हा ते अहवाल डोक्यात असतात. आपल्या आवाजाने कुणाचं बोट वाचलं, हे कधीच कळणार नसतं. तरीही त्या हिशोबानेच बोलायचं असतं.

कुठली दारं ठोठावावीत

पहिलं दार सेफ्टी आणि ट्रेनिंग विभागाचं. नवखे लोक परचेसला फोन करतात. परचेसला आवाजाचं काय करायचं हे माहीत नसतं, ते दर विचारतात आणि विषय मिटतो. गरज ज्याची, दार त्याचं. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ मध्ये त्याच तारखेला झाली. त्या आठवड्यात प्रत्येक मोठ्या कारखान्यात फिल्म, पथनाट्य, स्पर्धा असतात. म्हणजे त्यांची तयारी जानेवारीत सुरू होते आणि आपला फोन डिसेंबरच्या अखेरीस जायला हवा. मार्चमध्ये फोन करणाऱ्याला पुढच्या वर्षी या, असंच ऐकावं लागतं.

दुसरं दार व्हिडिओ करणाऱ्यांचं. कॉर्पोरेट फिल्म, मशीनचे डेमो, प्रदर्शनातल्या स्टॉलवर फिरणाऱ्या क्लिप्स यांची कामं करणारी छोटी ऑफिसं चिंचवड, निगडी, भोसरीत आहेत. ऑटो क्लस्टर या प्रदर्शन केंद्रात प्रदर्शन असलं की मी एक पूर्ण दिवस तिथे घालवते. प्रत्येक स्टॉलची फिल्म उभं राहून ऐकते, वहीत लिहून ठेवते. जिथे आवाज संगीताखाली बुडालेला आहे, जिथे ‘टॉलरन्स’चा उच्चार दर वेळी वेगळा आहे, जिथे हिंदी चांगली पण मराठी भाषांतराची, तिथे आठ दिवसांनी फोन करते. फोनवर चूक काढत बसत नाही. “तुमच्या मशीनची फिल्म मी पूर्ण पाहिली. मराठी आवृत्तीसाठी मी तीस सेकंदांचा तुकडा करून पाठवू का?” एवढंच. आपली फिल्म कुणी शेवटपर्यंत पाहिली, याचंच समोरच्याला अप्रूप असतं.

तिसरं दार हॉस्पिटलं, गॅस एजन्सी, पतसंस्था यांच्या फोनवरच्या सूचनांचं. ‘एक दाबा, दोन दाबा’ हे काम छोटं असतं, पण ते दर वर्षी बदलतं, त्यामुळे ते क्लायंट टिकतात. मी अशा ठिकाणी स्वतः फोन लावून ऐकते. आजी-आजोबांना आकडा ऐकून बटण शोधायला किती वेळ लागतो, ते घरच्या माणसावर तपासते. माझ्या सासूबाईंना चष्मा काढून, फोन कानापासून दूर धरून बटण दाबावं लागतं. तेवढ्यात पुढचा पर्याय निघून जातो. त्यांच्यामुळे मी दोन पर्यायांमधली जागा वाढवायला शिकले, आणि याच मुद्द्यावर एका हॉस्पिटलचं काम मिळालं.

चौथं दार ज्यांनी आधी काम दिलं त्यांचंच. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांत मशीनची पूजा होते. लेथला हार, व्हीएमसीला हळदकुंकू, कंट्रोल पॅनेलवर आंब्याची डहाळी. मी त्या दिवशी जुन्या क्लायंटकडे जाऊन येते. काम मागत नाही. पण शॉप फ्लोअर शांत असतो, माणसं निवांत असतात, आणि हमखास कुणीतरी म्हणतं, “मॅडम, आमच्या पेंट शॉपसाठी काहीतरी करायचं राहिलंय.”

घाटातलं विद्यापीठ

खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा गजबजले. त्यांच्याबरोबर परतले घाटावरचे निवेदक. आवाजाचं काम शिकणाऱ्याने एक दिवस तिथे घालवावाच.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत माइक हातात. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटायच्या आधी गाडामालकाचं नाव, गावाचं नाव, तेही दोनदा. पहिल्यांदा गर्दीचे कान वळतात, दुसऱ्यांदा नाव पोचतं. बारी सुटली की आवाज बैलांबरोबर चढतो, आणि सेकंद सांगताना एकदम जमिनीवर येतो, कारण आकडा चुकीचा ऐकला गेला तर भांडण. धूळ, ढोल, शिट्ट्या यांच्या वरून हे सगळं ऐकू जातं. निवेदक घसा ताणत नाहीत. पोटातून श्वास घेतात आणि शब्द तोडून बोलतात. हीच मंडळी मग गावोगावच्या यात्रांना, सत्कारांना, दुकानांच्या उद्घाटनांना बोलावली जातात. त्यांना पुढच्या कामासाठी कुठे जावं लागत नाही. घाटावर ऐकलेला माणूस संध्याकाळीच नंबर मागायला येतो.

मी आकडे कसे सांगायचे, हे तिथे शिकले. कारखान्याच्या फिल्ममध्ये ‘साडेसहा बार दाब’ म्हणताना मी आजही घाटावरच्या निवेदकासारखी अर्धा श्वास थांबते.

गुरुवार

माझा स्टुडिओ म्हणजे भोसरीतल्या घराची एक खोली. तीन भिंतींना गोधड्या, चौथ्या बाजूला कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, मध्ये कंडेन्सर माइक. मागच्या गल्लीत प्रेसचं युनिट आहे. त्याचा ठोका जमिनीतून येतो, गोधडीने अडत नाही. इतर दिवशी मी रात्री अकरानंतर बसते. पण या पट्ट्याची औद्योगिक सुटी गुरुवारची. त्या दिवशी ठोके थांबतात, कंप्रेसर गप्प होतात, आणि खोलीत पहिल्यांदा माझा श्वास मलाच ऐकू येतो.

महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. म्हणून लॅपटॉपची बॅटरी आणि इन्व्हर्टर बुधवारी रात्रीच भरून ठेवायचे. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, दारावर चिठ्ठी. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला खोलीची दहा सेकंदांची शांतता, म्हणजे संकलन करणाऱ्याला सांधे जुळवता येतात. नवा क्लायंट पहिल्या कामात आवाज ऐकतो. दुसरं काम मात्र तो फाइलचं नाव नीट होतं का, वेळेत आली का, दुरुस्ती न कुरकुरता करून दिली का, हे पाहूनच देतो.

नमुन्याबद्दलही सांगायला हवं. जाहिरात, ट्रेनिंग, फोनवरच्या सूचना यांचे वेगवेगळे नमुने ठेवा, प्रत्येक मिनिटभराचा. मजकूर स्वतः लिहा. कारखान्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्यांच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याला ऐकवू नका. त्यात त्यांच्या मशीनची, प्रक्रियेची माहिती असते. गुपित सांभाळणारी म्हणून नाव झालं, की गेट आपोआप उघडतं.

पैसे आणि कागद

या कामात मीही एकदा फसले. एका एजन्सीसाठी मी एका उत्पादनाची फिल्म केली. पुढच्या वर्षी तोच आवाज, तेच तुकडे जोडून, दुसऱ्या उत्पादनाच्या फिल्ममध्ये एका प्रदर्शनात ऐकला. विचारलं तर उत्तर आलं, “पैसे दिले होते ना?” कागद नव्हता. त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी एका पानावर पाच गोष्टी लिहून घेते. मजकूर किती, दुरुस्त्या किती वेळा, आवाज कुठे आणि किती काळ वापरणार, पैसे कधी, आणि माझ्या आवाजावरून यंत्राला बोलायला शिकवणार नाही याची हमी. हे शेवटचं कलम आज सगळ्यांत महत्त्वाचं. संगणक आता मराठी बोलतो, आणि थोड्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैमध्ये अरिजित सिंह यांच्या आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं, २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क १९९४ मध्ये आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते बळकट झाले. व्हॉइस आर्टिस्टांची ‘आवा’ ही संघटना करारात असं कलम असावं म्हणून झटते आहे. मोठ्या गायकांना कोर्ट गाठता येतं. आपल्याला आधी कागद गाठावा लागतो.

पैशासाठी उद्यम नोंदणी करून घ्या. ती फुकट आहे, आणि एकट्याने सेवा देणारा माणूसही तिथे सूक्ष्म उद्योग ठरतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने अशा पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली. मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय वजा करून मिळत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला, की अकाउंट्सकडून फोन लवकर येतो, हा माझा अनुभव आहे.

यंत्राचा आवाज स्वस्त आहे, आणि काही कामं त्याच्याकडे जाणारच. पण शेजारी बसलेल्या पोराचं ‘म्हंजे काय ओ?’ ऐकायला त्याला कुणी मागच्या बाकावर बसवलेलं नाही. मी जाऊन बसू शकते. नवीन मजकूर आला की मी अजूनही आधी कामगारांना वाचून दाखवते. चहाच्या टपरीवर, गेटबाहेर, बस येईपर्यंत. ज्या शब्दाला त्यांच्या भुवया जवळ येतात, त्याखाली रेघ मारते.

एक फोन

गेल्या पावसाळ्यात रांजणगावहून फोन आला. अनोळखी नंबर, एका छोट्या युनिटचे सुपरवायझर. “तुम्हीच का त्या ‘थांबा’वाल्या मॅडम?”

मला कळेना. त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे एक नवा ऑपरेटर लागला होता, आधी म्हाळुंग्यात होता. तो नव्या पोरांना प्रेसवर उभं करताना दर वेळी म्हणायचा, “थांबा.” मग एक सेकंद गप्प राहायचा. मग म्हणायचा, “मशीनचा गार्ड बसलाय का, बघा.” सुपरवायझरनी त्याला विचारलं, हे तू कुठे शिकलास? तो म्हणाला, तिकडच्या फिल्ममध्ये एक ताई सांगायच्या. मग त्यांनी जुन्या कारखान्यात विचारत विचारत माझा नंबर काढला.

मी विचारलं, “तो मुलगा हिंगोलीचा आहे का?”

“नाही ओ, परभणीचा. का?”

“सहजच,” मी म्हटलं. “मजकूर पाठवा. आणि एक दिवस त्याच्याबरोबर लाइनवर उभं राहायची परवानगी द्या. मग रेकॉर्ड करते.”